माझ्या घशाची साक्ष

मी खोटं बोलत नाही. बढाई म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगते आहे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. नमुन्यात जंतू असतील तर आहेत म्हणायचं, नसतील तर नाहीत. 'आहेत थोडेसे, पण मनानं चांगले आहेत' असा अहवाल देता येत नाही. त्यामुळे तोंडातून निघणारं प्रत्येक वाक्य तपासून सोडायची मला सवयच लागली आहे. म्हणूनच आत्यानं मला चर्चमध्ये एकटीनं गायला सांगितलं, तेव्हा एकही खोटं वाक्य न बोलता मी त्यातून सुटेन याची मला पक्की खात्री होती!

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या शेजारच्याच खोल्यांत राहते, आणि चर्चमधल्या आमच्या मंडळीच्या गायनाची सगळी जबाबदारी तिच्यावर आहे. तिनं खरेपणावर एक गीत रचलं होतं. अकरा कडवी. चालही तिचीच. पहिल्या ओळीत तळघरात उतरायचं, दुसऱ्या ओळीत गच्चीवर निघायचं, आणि मध्ये जिना नाही. शब्दांबद्दल भाचीनं बोलू नये. पण सातव्या कडव्यात 'खोटे ते नाणे, खोटे ते दात, खोट्याची साथ सोड मना' अशी ओळ होती, आणि पहिल्याच बाकावर आमचे निवृत्त हेडमास्तर बसतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांचे सगळे दात झोपताना पेल्यात असतात.

हे गीत खरं तर आत्याच म्हणणार होती. पण काही महिन्यांपासून तिचा आवाज खरखरीत झाला होता. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, तेव्हा स्वरयंत्रावर एक गाठ दिसली. ती काढून तपासायला पाठवावी लागेल, आणि उशीर करून चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. ऑपरेशनची तारीख ठरली. तेव्हापासून आत्याचं स्वयंपाक करताना गुणगुणणंही थांबलं. गाठीला ती भीत नव्हती. गाठीबरोबर आवाजही जाईल याला भीत होती.

"तू म्हण," ती मला म्हणाली. "तू घरातली. आवाज घरातल्या घरात राहील."

माझ्या आवाजाविषयी एवढंच सांगते की मी गायला लागले की बाबांना बाहेर काहीतरी काम आठवतं. पण आत्यासमोर नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

योगायोगानं त्याच दिवशी मी घशाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले होते. त्यांच्या टाकीतल्या पाण्याचा नमुना घ्यायला. तिथे बसायच्या खोलीत भिंतीवर मोठी पाटी आहे: 'येथे बोलू नये.' ती पाटी पाहिली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

संध्याकाळच्या सरावाला मी गळ्याला मफलर गुंडाळून गेले आणि अगदी हळू आवाजात आत्याला दोन वाक्यं सांगितली. आज मी घशाच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथे बोलू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. मफलर गुंडाळणं हे विधान नाही. हळू बोलणं हेही विधान नाही. निष्कर्ष आत्यानं काढला. चुकीच्या निष्कर्षाला नमुना जबाबदार नसतो.

आत्याचा चेहरा उतरला. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग माझ्या.

"तुलाही?" ती म्हणाली. "म्हणजे हे आपल्या घराण्यातच आहे की काय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझा प्रयोग यशस्वी झाला होता, आणि यशस्वी प्रयोग मध्येच कोण मोडतं?

घरी आईनं दार लावून घेतलं आणि काय प्रकार आहे ते विचारलं. मी माझी दोन्ही वाक्यं तिच्यापुढे तपासायला ठेवली. तिनं ती शांतपणे ऐकली.

"तुझ्या मापात पाप नाही गं," ती म्हणाली. "पोटात आहे."

त्या दिवसापासून मला काही विचारायचं असलं की ती मुद्दाम दुसऱ्या खोलीतून विचारायची. मला ओरडता येत नसे, कारण शेजारी आत्या. त्यामुळे 'डबा धुतलास का' याचं उत्तर द्यायला मला प्रत्येक वेळी उठून जावं लागे. इकडे आत्या सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात मीठ घालून आणायची आणि मी गुळण्या करेपर्यंत समोरून हलायची नाही. स्वतःच्या घशासाठी तिनं एवढं कधीच केलं नव्हतं.

रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं की आपल्या मंडळीतल्या एका तरुण बहिणीचा आवाज बसला आहे, तिच्यासाठी आपण प्रार्थना करू. मला पुढे बोलावलं. मी गुडघे टेकले. पाच-दहा माणसं भोवती जमून गुडघ्यांवर बसली. माझा तोल जाऊ लागला म्हणून मी डावा हात जमिनीवर टेकवला. प्रार्थना लांबली. मी डोळे मिटून देवाला सांगत होते की यात तांत्रिकदृष्ट्या माझी चूक नाही. त्याच वेळी गुरुजी उशिरा पुढे आले, माझ्या शेजारी जागा पाहिली, आणि आपला सगळा भार घेऊन खाली बसले. त्यांचा उजवा गुडघा नेमका माझ्या हातावर आला.

"अहो गुरुजी, माझा हात!"

हे मी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज आमच्या चर्चमध्ये घंटा सोडली तर कोणाचाच निघालेला नाही! मागच्या बाकावरची झोपलेली मुलं जागी झाली. मग एक बाई रडत म्हणाल्या, "आवाज आला." त्यापुढे जे झालं त्याला आवरणं माझ्या हातात नव्हतं. हात अजून गुडघ्याखालीच होता. सगळी मंडळी उभी राहून देवाची स्तुती करू लागली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. गुरुजी आपल्या गुडघ्याकडे नव्या आदरानं पाहू लागले. आणि आत्यानं मला इतकं घट्ट धरलं की आता खरोखरच घसा दाबला गेला.

पाळकसाहेब म्हणाले की पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर साक्ष द्यावी. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्याला आमच्याकडे साक्ष म्हणतात. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी एक, 'खोटी साक्ष देऊ नको', नेमकी साक्षीवरच आहे, हे मला लहानपणापासून तोंडपाठ होतं. तरीही मी ठरवलं की चार खरी वाक्यं निवडून बांधू आणि वेळ निभावून नेऊ.

मग आठवड्याच्या मध्यावर आत्या आमच्याकडे आली. चेहरा हसरा, काही महिन्यांत पाहिला नव्हता इतका. तिनं सहज सांगावं तसं सांगितलं की दवाखान्यात फोन करून तिनं ऑपरेशन रद्द केलं.

"तुला मिळालं ते मला का नाही मिळणार?" ती म्हणाली. आवाज मात्र आधीपेक्षाही खरखरीत होता.

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी आत्याला खाली बसवलं आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात सांगितलं की माझ्या घशाला काही झालंच नव्हतं.

"तेच तर म्हणते मी," आत्या म्हणाली. "काही झालंच नव्हतं असं झालंय!"

मी म्हटलं, तसं नव्हे, मी नाटक केलं होतं. डॉक्टरांनी मला तपासलंच नव्हतं. यावर आत्या गंभीर झाली. तिनं फोन करताना दवाखान्यातल्या बाईंना मुद्दाम माझ्याबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, हो, तुमची भाची तपासणीसाठी आली होती.

"पाण्याच्या तपासणीसाठी," मी म्हटलं.

आत्यानं माझा हात हातात घेतला. मी तिच्याच काळजीपोटी बोलते आहे हे तिला समजत होतं. तिनं ऑपरेशन करून घ्यावं म्हणून मी देवानं केलेलं नाकारते आहे, हेही समजत होतं. "पण माझ्या भल्यासाठीसुद्धा खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "खोटं ते खोटंच."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वच्छ खरं बोलले होते, आणि त्यालाच खोटं ठरवून ती गेली. पुरावे सगळे तिच्या बाजूनं होते. ते मीच तपासून दिले होते.

"आता?" मी आईला विचारलं.

"आता साक्ष दे," आई म्हणाली.

रविवारी मी पुढे उभी राहिले. पहिल्या बाकावर आत्या, तिच्या शेजारी गुरुजी. मी सुरुवात केली की माझ्या घशाला मुळात काही झालं नव्हतं. मागून दोघं-तिघं "आमेन" म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांनी माझ्या घशात पाहिलंसुद्धा नाही. एक आजी म्हणाल्या, कशाला पाहतील, मोठा डॉक्टर वर बसलाय. मी म्हटलं, गुरुजींचा गुडघा हातावर आला म्हणून मी ओरडले. गुरुजींनी नम्रपणे मान खाली घातली. मी एकेक खरं वाक्य सोडत होते आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत त्याचा चमत्कार होत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस मी तपासलेली वाक्यं बोलत आले होते, पण एक वाक्य कधी बोललेच नव्हते.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "माझं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी मी खोटं बोलले. मला आत्याचं गीत म्हणायचं नव्हतं, म्हणून मी आजारी असल्याचं भासवलं. तुम्ही माझ्यासाठी रडलात, ते मी घेतलं. आणि त्या भरवशावर आत्यानं ऑपरेशन रद्द केलं आहे."

यावर कोणी आमेन म्हटलं नाही.

आत्या सावकाश उभी राहिली. मला वाटलं आता ती गाठीबद्दल विचारेल.

"गीत म्हणायचं नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"सातवं कडवंसुद्धा?"

"सातवं बरं आहे."

"हे खरं?"

सवयीनं माझ्या डोक्यात एक सोयीचं वाक्य तयार होऊ लागलं होतं. मी ते टाकून दिलं. "नाही," मी म्हटलं.

गुरुजींनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे आपुलकीनं पाहिलं.

आत्यानं बाकाच्या कडेला हात टेकवला. मग त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "म्हणजे मला जावंच लागेल."

"हो, आत्या."

पाळकसाहेबांनी मला ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी आत्याच्या घशासाठी आणि डॉक्टरांच्या हातांसाठी साधी, छोटी प्रार्थना केली. मी जागेवर जाऊन बसले. आई सरकली नाही, पण तिनं पदराचं टोक माझ्याखालून ओढूनही घेतलं नाही. आमच्याकडे याला क्षमा म्हणतात.

पुन्हा तारीख मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी आत्याला आत नेण्याआधी मी तिच्याजवळ उभी होते. पाळकसाहेब, बाबा, शेजारी, सगळे तिला सांगून गेले होते की आवाज नक्की राहणार, काळजीच करू नको. तिनं मला खाली वाकायची खूण केली.

"तू सांग. राहील?"

"मला माहीत नाही, आत्या," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात बहुतेक राहील. नक्की असं ते म्हणाले नाहीत."

तिनं डोळे मिटले. माझा तोच डावा हात दाबून म्हणाली, "आता बरं वाटलं. 'नक्की' ऐकून ऐकून जीव घाबरा झाला होता."

गाठ साधी निघाली. आवाज राहिला. फक्त काही दिवस तिनं अजिबात बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि या वेळी ते पाटीनं नव्हे, डॉक्टरांनीच सांगितलं. ती न बोलता पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसली, माझ्याकडे बोट केलं, आणि मग ते बोट वर केलं.

मी उभी राहिले आणि गायले. अकराच्या अकरा कडवी. तळघर, गच्ची, सगळं. आत्या बाकावर ताल धरून होती. बाबांना तिसऱ्या कडव्याला बाहेरचं काम आठवलं. सातव्याला गुरुजींनी ओठ घट्ट मिटले. शेवटचं कडवं संपलं.

गुरुजी उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले की घसा अजून बसलेलाच दिसतो आहे.

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "घसा ठणठणीत आहे. माझा आवाजच असा आहे."

त्यांनी माझ्याकडे खूप करुणेनं पाहिलं. मग ते मंडळीकडे वळले.

"मुलगी आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलते आहे," ते म्हणाले. "चला, गुडघे टेकू या."

मी आधी दोन्ही हात उचलून घेतले.