अंगठ्याखालचं चित्र

शेजारचे मेश्रामकाका कोपऱ्यावर पान खायला निघाले तरी दाराचं कुलूप सात वेळा ओढून पाहतात. अर्ध्या गल्लीतून परत येतात आणि आठव्यांदा ओढतात. सगळा जन्म कारखान्यात माल पास की रिजेक्ट हे ठरवण्यात गेला. आता निवृत्त झालेत, पण सवय कुठली निवृत्त होते? दूधवाला, कॅलेंडर, माझा चहा, कशावर म्हणून विश्वास नाही. मग माझी पाच वर्षांची चिमी तरी कशी सुटणार!

चिमीच्या शाळेत सगळं हिंदी. मराठीही यावी म्हणून तिच्या मामानं नागपूरहून चित्रांचं पुस्तक आणलं. आठ दिवसांत पोरगी घडाघडा वाचू लागली. मी कौतुकानं काकांना बोलावलं. अवदसा आठवली मला, दुसरं काय!

"अच्छा," म्हणत काकांनी बदकाच्या चित्रावर अंगठा ठेवला. "आता वाच."

चिमी त्यांचा अंगठा बाजूला सारू लागली.

"पोरगी चित्रं वाचून राहिली! रिजेक्ट!"

चिमीनं भोकाड पसरलं. "लेकराला काहून रडवता?" मी सुनावलं. पण दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. रोज अंगठा, रोज रिजेक्ट. महिन्याभरात चिमी खरंच अक्षरं जुळवू लागली. तरी काकांचं आपलं एकच, "मायनं कानात सांगितलं असन."

मग एका दुपारी ते एक पत्र घेऊन आले. नागपूरच्या मुलाशी त्यांचा सहा वर्षं अबोला. नातवाचं तोंडही पाहिलेलं नाही. पत्र त्या नातवाचं होतं. वर मिशीवाला म्हातारा काढलेला, खाली एक ओळ.

"बापानं हात धरून लिववलं असन," काका म्हणाले. "पोरानं आपल्या मनानं बोलावलं असन, तं जातो. नाही तं नाही."

मी हात पुढे केला. पण ते चिमीसमोर खाली बसले. "तू सांग बाई. तुले समजते."

चिमीनं आधी म्हाताऱ्यावर अंगठा ठेवला. मग एकेक अक्षर लावत वाचलं, "आबा... तुम्ही... कधी... येता?"

"बापाचा हात आहे का?"

"नाही हो. मोठ्यांना इतकं वाकडं येतच नाही."

"पास," काका कसेबसे म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

त्याच संध्याकाळी ते नागपूरला निघाले. किल्ली माझ्या हातात दिली आणि भराभरा गल्लीबाहेर पडले. कुलूप एकदाही ओढून पाहिलं नाही.