भोकं मोजून निवडलेली टीम

एका जंगलात बास्केटबॉल खेळायचे. हसायचं काम न्हाई, पोरांनो. जंगलात खेळू ने आसं कुठं लिव्हलंय? मैदान व्हतं, दोन्ही टोकाला सागाचं एकेक झाड व्हतं, आन् झाडाला सुगरणीनं इनलेली बिनबुडाची टोपली टांगलेली व्हती. आता गप बसून ऐका.

त्या जंगलात एक कायदा व्हता. टीममधल्या पाच जणांना कुणी खायाचं न्हाई. बाकीच्यांना खायाला मोकळीक. त्येच्यामुळं जंगलात खेळाची आवड लई वाढली. हरणं, ससं, भेकरं पहाटेपास्नं पोरास्नी मैदानावर घिऊन यायची. एका भेकराच्या आईनं तर पोर उंच व्हावं म्हणून त्येला मान अडकवून फांदीला लोंबकळत ठिवलतं. पोर उंच झालं न्हाई. मान तेवढी वाकडी झाली.

पाचांशिवाय एक बदली गडी बाकावर बसायचा. त्येला अर्धं संरक्षण. म्हंजे त्येला खायाचं आसंल तर आदी अर्ज करावा लागायचा.

टीम निवडायला कमिटी व्हती. अस्वल अध्यक्ष, कोल्हा सेक्रेटरी. दोघंबी मॅच बघत नसत. ऊन लागतं म्हणून. त्येंनी एक सोय केलती. मैदानाच्या कडंला परत्येक खेळाडूच्या नावाचं एक झाड. जो टोपलीत चेंडू टाकंल त्येच्या झाडाला सुतारपक्षी चोचीनं एक भोक पाडणार. वरीस सरलं की कमिटी सावलीसावलीनं चालत जायाची, भोकं मोजायची आन् टीम ठरवायची. अर्ध्या तासात काम उरकायचं.

त्या साली नव्या पोराची एक जागा निघाली आन् तिथं सोनकी आली. सोनकी म्हंजे सशाची पोर. आंगानं मूठभर, पर उडी आशी की वानरं बी मान वर करून बघायची. निवड झाली त्या दिवशी तिच्या आईनं चार घास पोटभर खाल्लं. आदीच्या तीन पोरांना तिनं वाढवलं व्हतं, त्यातलं एक बी ऱ्हायलं नव्हतं.

पर खरी मॅच निराळी आसती. नदीच्या पल्याडच्या जंगलाची टीम आली. त्येंच्यातला रानकुत्रा आंगावर धावून आला की सोनकी डोळं मिटायची आन् चेंडू कुठंबी फेकायची. एकदा त्यो सावलीत झोपलेल्या अस्वलाला लागला. अस्वलानं कूस बदलली.

टीममधी सोनकीसंगं एक गवा आन् दोन वानरं व्हती, आन् गेनूआबा नावाचा साळींदर व्हता. वय झालेला. पळायचं म्हणलं की दम लागायचा. उडी तर बापजन्मात मारली नव्हती. त्यो मैदानात जायाचा आन् काटं फुलवून एका जागी उभा ऱ्हायाचा. एवढंच.

मॅच झाल्यावर त्येनं सोनकीला इचारलं, "पोरी, डोळं का मिटतीस?"

"रानकुत्रा आंगावर येतो, आबा."

"यिऊ दे की. तू माझ्या उजव्या आंगानं पळ. आसं चिकटून, की कान घासला पायजे काट्याला."

"टोचलं तर?"

"तुला थोडं टोचंल. त्येला लई टोचंल."

दुसऱ्या मॅचला सोनकी आबाच्या उजव्या आंगानं पळाली. मागनं आलेला रानकुत्रा काटं बघून जागच्या जागी थांबला. सोनकीनं इकडं तिकडं बघितलं. जवळ कुणीच नव्हतं. तिला डोळं मिटायचं कारणच सापडलं न्हाई. तिनं उडी मारली आन् चेंडू टोपलीत टाकला. सुतारानं भोक पाडलं.

मंग रोजचंच झालं. आबा उभा, सोनकी त्येच्या आडोशानं मोकळी. पल्याडचे बी काय खुळे नव्हते. त्येंनी तिच्यावर दोन कुत्री सोडली.

"आता गं?" आबानं इचारलं. "दुसरा कुत्रा तुझ्याकडं आला. मंग मोकळं कोण ऱ्हायलं?"

सोनकीनं इचार केला. "गवा."

"मंग चेंडू कवटाळून का बसलीयास? अंडं हाय व्हय त्ये?"

तवापास्नं ती गव्याला पास द्यायला लागली. गवा टोपलीखाली उभा आसायचा, त्यो शिंगाच्या टोकानं चेंडू आत ढकलायचा. जो मोकळा आसंल त्येला चेंडू, ही गोष्ट पोरीच्या हाडात बसली. आबा कधी वरडला न्हाई. चुकलं की एवढंच म्हणायचा, "जाऊ दे. परत ये हिकडनं."

वरीस सरलं. ती टीम एक मॅच सोडून सगळ्या जिंकली व्हती. कमिटी सावलीसावलीनं निघाली. गव्याच्या झाडाला सत्तर भोकं. सोनकीच्या झाडाला बासष्ट. दोन वानरांच्या झाडांना चाळीस-चाळीस. आन् गेनूआबाचं झाड आसं गुळगुळीत, की कोल्ह्यानं त्येला पाठ घासून घेतली.

"हे कुणाचं?" अस्वलानं इचारलं.

रानडुक्कर मास्तर टीमचा कोच व्हता. त्यो म्हणला, "गेनूआबाचं."

"एक बी भोक न्हाई?"

"न्हाई. त्यो उभा ऱ्हातो साहेब."

"उभं तर झाड बी ऱ्हातं," कोल्हा म्हणला. "मंग झाडालाच घ्यायचं का टीममधी?"

मास्तर म्हणला, "त्येच्यामुळं पोरगी मोकळी व्हती. तुमी एकदा मॅच बघा."

"आन् ऊन?" अस्वल म्हणलं.

मास्तर बी डुक्करच व्हता, पाचात नव्हता, आन् आबाच्या जागी बाहेरचा एक बिबट्या आला तर मास्तराचं सुदीक संरक्षण पक्कं करू आसं कोल्हा त्येच्या कानात बोलला. मास्तरानं मान डोलावली.

गेनूआबाला काढलं. काही जणांना वाटलं, आता ह्येला खात्याल. पर एवढं काट्याचं खायाला कोण बसलंय? त्येला टीमची गरज कवाच नव्हती. मंग एवढी वर्सं त्यो उन्हात कशासाठी उभा ऱ्हायला, हे कुणी इचारलंच न्हाई.

त्येच्या जागी झुंजार आला. झुंजार म्हंजे तीन जंगलं सोडून पलीकडचा बिबट्या. येताना आपलं झाड उपटून संगंच घिऊन आलता. चाळणीवानी भोकं. कमिटीनं त्येच्या गळ्यात हार घातला. कोल्ह्यानं भाषण केलं. म्हणला, "एवढ्या मोठ्या खेळाडूच्या संगतीत आपली सोनकी कुठल्या कुठं जाईल."

सराव सुरू झाला. झुंजार कुणाला पास द्यायचा न्हाई. चेंडू त्येच्याकडं गेला की त्येचाच. वानरांनी ते बघितलं आन् त्येंनी बी पास द्यायचं सोडलं, कारण पुढच्या वर्सी त्येंच्या बी झाडाची भोकं मोजणार व्हते. गवा कोपऱ्यात जाऊन गवत खायाला लागला. आन् सोनकी जवळनं गेली की झुंजार तिच्याकडं बघायचा आन् मिशीवरनं जीभ फिरवायचा. तोंडानं काय बोलायचा न्हाई. वागायला सभ्य व्हता.

पोरांनो, वर्गात शेजारी बसलेलं पोरगं तुमच्याकडं डबा उघडल्यावानी बघाय लागलं, तर तुमचं पाढं पाठ व्हतील का?

सोनकी झुंजारपास्नं लांब लांब पळायला लागली. लांबनं चेंडू मिळाला न्हाई. चुकून मिळालाच, तर ती परत डोळं मिटायला लागली. अर्धं वरीस गेलं आन् तिच्या झाडाला चार भोकं पडली. त्यातलं एक सुतारानं किडा दिसला म्हणून पाडलं व्हतं.

कमिटीची मीटिंग बसली.

"पोरगी बिघडली," अस्वल म्हणलं.

"डोक्यात हवा गेली. बासष्ट भोकांची हवा," कोल्हा म्हणला.

मास्तर म्हणला, "तिच्या आडोशाला कुणीतरी..."

"सोयी दिऊन दिऊनच बिघडली ती," कोल्ह्यानं त्येला तोडलं. "उड्या वाढवा."

उड्या वाढवल्या. रोज पाचशे. आदी पोरगी घाबरलेली व्हती, आता घाबरलेली आन् दमलेली झाली. कमिटीनं गाजर बदलून बघितलं. झाडाला शेणखत घातलं. भोकं वाढली न्हाईत.

मंग एक दिवस कमिटीकडं अर्ज आला. सोनकीला बाकावर बसवणार आसाल तर तिला खाण्याची परवानगी मिळावी. खाली झुंजारचा पंजा.

सोनकीची आई कमिटीपुढं जाऊन उभी ऱ्हायली. म्हणली, "साहेब, त्यो तिच्याच टीमचा हाय."

"म्हणून तर रीतसर अर्ज केलाय," कोल्हा म्हणला. "दुसरा आसता तर इचारलं बी नसतं."

अस्वल मनानं मऊ व्हतं. ते म्हणलं, "एक शेवटची मॅच दिऊ. तीन भोकं पडली तर पोरगी पाचात. न्हाई पडली तर बाकावर, आन् अर्ज मंजूर."

आई तिथनं निघाली ती गेनूआबाच्या बिळाकडं गेली.

"आबा, तुमास्नी आत घेणार न्हाईत, ठावं हाय मला. पर नुसतं कडंला येऊन बसा. तुमी दिसला तरी पोरीला धीर यील."

"मला बसायला जमत न्हाई," आबा म्हणला. "उभा ऱ्हातो."

मॅचच्या दिवशी आबा मैदानाच्या कडंला, नदीकडं जाणाऱ्या वाटंवर उभा ऱ्हायला. पल्याडच्या टीमला कळून चुकलं व्हतं की ह्या सशाला कुणी पास देत न्हाई. म्हणून त्येंनी तिला मोकळीच सोडली आन् तीन कुत्री झुंजारवर घातली. झुंजारनं तिघांच्या डोक्यावरनं चेंडू फेकला. चेंडू टोपलीच्या काठाला लागून उडाला आन् सोनकीपुढं पडला. तिनं कडंला बघितलं. आबा उभा व्हता. तिनं उडी मारली. एक भोक. थोड्या येळानं परत तसंच झालं. दोन भोकं.

शेवट आला. दोन्ही टीमची बराबरी. आणिक एकदा चेंडू सोनकीच्या हातात पडला. ह्या येळंला पल्याडचे शहाणे झालते. दोन कुत्री झुंजारला सोडून तिच्याकडं धावली, तिसरा दमून बसला व्हता. टोपलीखाली झुंजार एकटा. समद्या मैदानात त्योच मोकळा.

आईनं डोळं झाकलं. तिला ठावं व्हतं पोरगी काय करणार. वर्सभर घरी येऊन तेच तर सांगायची, जो मोकळा आसंल त्येला चेंडू.

सोनकीनं पास दिला. झुंजारनं चेंडू टोपलीत टाकला. मॅच जिंकली. सुतारानं झुंजारच्या झाडावर जागा हुडकून हुडकून एक भोक पाडलं.

कमिटी सावलीतनं उठली. सोनकीच्या झाडाला आजची भोकं दोन. कोल्ह्यानं अर्जावर 'मंजूर' लिव्हलं.

झुंजार सोनकीपाशी आला. "पास चांगला व्हता," त्यो म्हणला. "पर अर्ज आदीचा हाय."

सोनकी पळाली. नदीच्या वाटंनं पळाली, अन् मागं झुंजार. आबा वाटंतच व्हता. त्येनं हाक मारली न्हाई का बाजूला सरला न्हाई. काटं तेवढं फुलवलं. सोनकी त्येच्या उजव्या आंगानं गेली, आशी चिकटून की तिच्या कानाला ओरखडा आला. झुंजार नावाजलेला खेळाडू, पर आडोशाचा खेळ त्येला कवा खेळावा लागलाच नव्हता. त्यो सरळ आला.

नाकात एकोणीस काटं गेलं.

तवर सोनकी दगडावरनं दगडावर उड्या मारत नदीच्या पल्याड पोचली व्हती.

"हे नियमात बसतं का?" अस्वलानं इचारलं.

कोल्ह्यानं नियम धुंडाळले. "साळींदरानं उभं ऱ्हाऊ ने आसं कुठं लिव्हलेलं न्हाई. आन् त्येनं दुसरं काय केलंच न्हाई."

"काय तरी केलं आसंल की."

"न्हाई साहेब. त्येचं झाड बघा."

पल्याडच्यांनी सोनकीला लगेच टीममधी घेतली. त्या जंगलात सुतारपक्षी नव्हता, म्हणून तिथल्या कमिटीला नाइलाजानं उन्हात बसून मॅच बघाय लागायच्या. त्येंनी सोनकीच्या शेजारी एक रानरेडा दिला. त्यो बी नुसता उभा ऱ्हायाचा. दोन वर्सांत सोनकीएवढा खेळाडू पाच जंगलांत ऱ्हायला न्हाई.

मंग आपल्या जंगलात मैदानाच्या तोंडाला एक मोठा फलक लागला. मधी सोनकीचा फोटो. वर लिव्हलेलं, 'आपल्या मातीत घडलेली लेक.' एका बाजूला अस्वल, एका बाजूला कोल्हा, दोघंबी हात जोडून. खाली झुंजार, नाकाला पट्टी, आन् नावाम्होरं 'मार्गदर्शक'. सोनकीची आई रोज तिथनं जायाची. एक दिवस गेनूआबा तिच्यासंगं थांबला आन् फलक बघितला.

"पोरगी जाड झालीया," त्यो म्हणला आन् म्होरं गेला.

तात्पर्य : पोरांनो, पास देण्याआदी समोरच्यानं तुमच्या नावाचा अर्ज टाकलाय का ते बघून घ्या. दुसऱ्याला वाट करून द्यायला कवा उन्हात उभं ऱ्हाऊ नका, त्येचं भोक पडत न्हाई. पोर घडवायचं काम ज्येला करायचं त्येला करू द्या. तुमी आंघोळ करून, केस इंचरून, फोटोच्या टायमाला या.