झिपरोजी अस्वलाची न दिसणारी जाळी

एका जंगलात, मुलांनो, झिपरोजी नावाचं अस्वल होतं आणि त्याच्या हृदयात एक जाळी होती. तोंडं वासू नका. हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झाली, चढ चढताना छाती आवळून यायला लागली, म्हणून सुतारपक्षी डॉक्टरांनी सुगरण पक्ष्याकडून बारीकशी जाळी विणून घेतली आणि त्या नळीत बसवली. शहरात तिला स्टेंट म्हणतात. नळी उघडली, झिपरोजी बरा झाला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण त्या जंगलात एक रीत होती. ज्याला जाळी बसेल त्याचा वडाखाली सत्कार व्हायचा. शाल, नारळ, भाषणं. कालपर्यंत ज्याला सगळे मधचोर म्हणत, तो झिपरोजी जाळीधारक मंडळाचा अध्यक्ष झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो छातीवरचे केस बाजूला करून जाळी दाखवायचा. दिसत काहीच नव्हतं. तरी सगळे वाकून बघायचे आणि मान डोलवायचे.

त्याची बायको केसरबाई मात्र वाकायची नाही. ती विचारायची, "गोळी घेतलीत का?"

"जाळी बसलीय, आता गोळ्या कशाला?" झिपरोजी म्हणायचा आणि गोळ्या मुंग्यांना घालायचा. मुंग्यांची तब्येत छान होती.

जांभळं पिकली होती तेव्हा जाळी बसली. बोरं पिकली तेव्हा झिपरोजी चढावर अर्ध्यात थांबला.

"काय झालं?" केसरबाईने विचारलं.

"काही नाही. सूर्यास्त बघतोय."

भर दुपार होती. केसरबाई तडक सुतारपक्ष्याला घेऊन आली.

डॉक्टरांनी छातीवर टकटक केली, कान लावला, मग मनगटातून काजव्याला आत पाठवलं. काजवा सगळं उजळून, बघून बाहेर आला.

"जुनी जाळी एका बाजूला पुरती उघडलीच नव्हती," तो म्हणाला. "मागे चुन्यासारखा कडक थर आहे. वरून आत मांस वाढलंय. वाट पुन्हा अरुंद."

"चूक कुणाची?" केसरबाई म्हणाली.

सुतारपक्ष्याने चोच पुसली. "थोडी माझी. मागच्या वेळी काजव्याला आत पाठवलं नाही. वडाखाली सत्काराचा मांडव घातला होता, सगळे घाई करत होते. थोडी ह्यांची, गोळ्या मुंग्यांनी खाल्ल्या. आणि उरलेली कुणाचीच नाही, वहिनी. जखम भरायला शरीर धावून येतं. कधीकधी इतक्या मायेने येतं, की वाटच अडवतं."

"आता पुढे?"

"तो थर फोडायचा. औषध माखलेला फुगा आत नेऊन फुगवायचा. औषध भिंतीला लागलं, की फुगा बाहेर."

"आणि नवी जाळी?" झिपरोजीने विचारलं.

"जाळीत जाळी कशाला? आधीच जागा कमी. आत नवीन काही ठेवणार नाही."

झिपरोजी ताडकन उठून बसला. "फुगा? जत्रेतला? आणि तोही परत काढून घेणार? मग मंडळात दाखवू काय? त्या रानडुकराला आता दोन जाळ्या झाल्यात, डॉक्टर. मला दुसरी बसली नाही तर अध्यक्षपद गेलं!"

"आणि जीव गेला तर?" केसरबाई म्हणाली.

"अध्यक्ष म्हणून शोकसभा तरी होईल."

संध्याकाळी रानडुक्कर विचारपूस करायला आलं. येताना मोहाचे लाडू आणले आणि स्वतःच खाल्ले. "फुगा म्हणजे चिल्लर इलाज हो, वहिनी," ते म्हणालं. "आमच्यात असलं कुणी करत नाही."

झालं, हट्टावर शिक्का बसला. झिपरोजी कुणाचं ऐकेना. हळूहळू त्याला गुहेतून पाणवठ्यापर्यंत चालणंही जड झालं. एक दिवस केसरबाईने मधाचं अख्खं पोळं पुढ्यात ठेवलं. त्याने नुसतं बघितलं आणि तोंड फिरवलं.

तेव्हा केसरबाई खरी घाबरली. आणि घाबरल्याबरोबर शहाणी झाली.

"अहो," ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "डॉक्टर आपल्यापासून लपवतायत. नवी जाळी निघालीय. डोळ्यांना दिसतच नाही. उगाच सगळे मागत बसतील म्हणून फुगा फुगा करतात."

झिपरोजीचे कान उभे राहिले. "रानडुकराला आहे?"

"त्याला कुठली असायला!"

बाहेर सुतारपक्षी हे ऐकून पिसं फुलवून उभा होता. "वहिनी, मी खोटं बोलणार नाही."

"कोण सांगतंय बोला म्हणून? विचारतील तेवढ्याचं उत्तर द्या."

झिपरोजीने एवढंच विचारलं, "डॉक्टर, नंतर आत काही नवीन दिसेल का हो?"

"काहीही दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. अगदी खरं.

थर फुटला. फुगा फुगला, औषध लागलं, फुगा बाहेर आला. थोड्याच दिवसांत झिपरोजी न थांबता चढ चढून वर गेला आणि तिथून ओरडला, "अगं केसर, वर ये, ऊन बघ काय सुंदर पडलंय!" केसरबाईने पदराने डोळे पुसले आणि वर जाऊन त्याच्या तळहातावर गोळी ठेवली.

"पुन्हा गोळी?"

"ही चुकली की न दिसणारी जाळी विरघळते."

त्याने घाईघाईने गोळी गिळली. मुंग्या तेव्हापासून वाळल्या त्या वाळल्याच.

वडाखाली मोठा सत्कार झाला. झिपरोजीने छातीवरचे केस बाजूला केले. सगळे वाकले. "वा वा, खरंच दिसत नाही!" मागल्या जाळीचं कौतुक होतं, पण इतकं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्षी धापा टाकत केसरबाईकडे आला. "वहिनी, काय करून ठेवलंत! माझ्या झाडाखाली रांग लागलीय. रानडुक्कर म्हणतं, माझ्या दोन काढा आणि ती बसवा. निम्म्यांच्या तर छातीला काहीसुद्धा झालेलं नाही!"

केसरबाई मधाचं पोळं उंच फांदीवर लपवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मग त्यांना बसवून टाका की," ती म्हणाली. "त्यांना न दिसणारी जाळी बसवायला कितीसा वेळ लागतो?"

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्या घरात छातीचा पेशंट नसावा.