दुसऱ्या अंकातली बाग

धाकट्या बाईंनी फोन ठेवला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. त्यांची थोरली बहीण उद्या येणार होती. "कामासाठी तुझ्या गावावरूनच जातेय, तासभर डोकावते. तुझी ती बाग एकदा डोळ्यांनी बघायची आहे बाई!" असं म्हणून तिने धाकटीला बोलायची संधी न देता फोन बंदही केला होता. बहीण येणार म्हटल्यावर माणसाला आनंद होतो. धाकट्या बाईंनाही झाला असता, पण अडचण एवढीच होती की त्यांच्याकडे बाग नव्हती.

घरामागे अंगण होतं. दगडासारखी कडक माती, एक कपड्यांची दोरी आणि एक मोडका कूलर, एवढाच त्याचा ऐवज. पण दोन वर्षांपूर्वी थोरल्या बाई नव्या गावी राहायला गेल्या आणि तिथून रोज फोनवर त्यांचे गुलाब फुलायला लागले. कुठवर ऐकून घ्यायचं माणसाने? एक दिवस धाकट्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडेही आलेत हो गुलाब." झालं! पुढच्या आठवड्यात त्यांनी हिरवळ लावली, मग पेरू, मग आंबा, आणि एकदा ताई जरा जास्तच बोलली तेव्हा रागाच्या भरात तळं खणलं. कमळांसकट.

या दोघींचं लहानपणापासून असंच. मार्क ताईला जास्त, आवाज ताईचा गोड, केस ताईचे लांब. धाकटीच्या वाट्याला ताईचे जुने फ्रॉक. तळं खणलं त्या दिवशी मात्र ताई पलीकडे चक्क गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा! धाकट्या बाईंना त्या रात्री झोप लागली नव्हती, इतक्या त्या खूश होत्या. ते सगळं आता उद्या मातीत जाणार होतं, आणि माती तर काय, अंगणभर होती.

त्यांनी गावातल्या बागवाल्यांना फोन लावले. एक हसला. दुसरा म्हणाला, "बाई, नुसत्या गवताला मूळ धरायला महिना लागतो." तिसऱ्याने फोनच ठेवून दिला. शेवटी कोपऱ्यावर 'बाग करून मिळेल' अशी ताजी रंगवलेली पाटी दिसली, तेव्हा त्या तशाच चपला घालून निघाल्या.

पाटीखाली तीन माणसं बसली होती. गिऱ्हाईक आलेलं पाहून तिघंही एकदम उठली, यावरून धंदा किती जोरात आहे ते बाईंना कळलं.

"यापूर्वी काय करत होता तुम्ही?" बाईंनी विचारलं. शिक्षिका होत्या त्या, प्रश्न विचारल्याशिवाय राहवायचं नाही.

"नाटक कंपनीत होतो," मोठ्या मिशांचा माणूस म्हणाला. "मी नेपथ्य करायचो. म्हणजे घरं, महाल, जंगल, जे लागेल ते उभं करायचं. हा माझा मेहुणा, प्रॉम्प्टर. नटाला वाक्य आठवलं नाही की हा विंगेतून सांगायचा. आणि हे काका पडदा ओढायचे. कंपनी बंद पडली. मग म्हटलं, जन्मभर खोटी झाडं केली, आता खरी लावू."

"आजवर किती बागा केल्या?"

"खऱ्या?" नेपथ्यवाला मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "खरी अजून व्हायची आहे. खोटी मात्र दर शनिवार-रविवारी. दुसऱ्या अंकाला राजाची बाग असायची. तीन मिनिटांत उभी."

बाईंनी त्याचा हातच धरला. "ती बाग आहे अजून?"

आहे म्हणजे काय, सगळी गोदामात होती. पण नेपथ्यवाल्याने मान हलवली. "नाही हो बाई. जुन्या सामानाला हात लावणार नाही, असं बायकोला वचन दिलंय. ती म्हणते, निदान एक झाड तरी जिवंत लावून दाखवा." तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फ्रॉकपासून तळ्यापर्यंत सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता मेहुणा दोनदा नाक पुसून आला.

"दाजी," तो म्हणाला, "एकच प्रयोग करू. परवापासून खरी बाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि खरोखर बघता बघता अंगणाचं सोनं झालं. मातीवर हिरवा गालिचा पसरला. लाकडी चौकटींवर ताणलेल्या कापडाचे आंबे, पेरू, केळी चाकांवर गडगडत आल्या. राणीच्या महालातला आरसा जमिनीवर आडवा टाकून, कडेने दगड रचून तळं झालं, त्यावर कापडी कमळं. मागच्या तारेच्या कुंपणावर डोंगर रंगवलेला मोठा पडदा टांगला, आणि त्याची दोरी हातात घेऊन काका कूलरच्या आडोशाला बसले. नेपथ्यवाल्याने स्वतःच्या पैशाने एक मोगऱ्याचं रोप आणून कोपऱ्यात लावलं. वचन म्हणजे वचन.

"फक्त एक लक्षात ठेवा," तो बाईंना म्हणाला. "ताईंना व्हरांड्यातल्या या खुर्चीतून उठू द्यायचं नाही. सगळी झाडं एकाच बाजूने रंगवलेली आहेत. नाटकात झाडाची पाठ कोण बघतो?"

"आणि तिने काही विचारलं तर?"

"तो माझा प्रांत," पायऱ्यांजवळच्या कापडी झुडुपातून मेहुण्याचा आवाज आला. "तुम्ही अडलात की मी वाक्य देतो. ऐकायचं आणि म्हणायचं. डोकं वापरू नका."

थोरल्या बाई आल्या, व्हरांड्यात पोचल्या आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच. धाकट्या बाईंना वाटलं, इथेच जन्माचं सार्थक झालं, आता घरी जाऊ द्यावं हिला.

"बस ना ताई खुर्चीत!"

"सकाळपासून गाडीत बसूनच तर आलेय. बाग काय बसून बघायची असते?" असं म्हणून थोरल्या बाई थेट पायऱ्या उतरल्या.

आता आली का पंचाईत! पण नेपथ्यवाला असा हार जाणाऱ्यातला नव्हता. तो पेरूमागे वाकून उभा होता. थोरल्या बाई उजवीकडे वळल्या, त्याने पेरू उजवीकडे वळवला. त्या पुढे गेल्या, त्याने धावत जाऊन आंबा फिरवला. बाई चालतील तशी सगळी बाग त्यांच्याकडे तोंड करू लागली.

"अगं," थोरल्या बाई थांबल्या, "हा पेरू मघाशी तिकडे बघत नव्हता का?"

झुडूप कुजबुजलं, "उन्हाप्रमाणे वळतो."

"उन्हाप्रमाणे वळतो, ताई."

"पेरू?"

"जातिवंत आहे," झुडूप.

"जातिवंत आहे," बाई.

थोरल्या बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी कापडी आंब्याला नावं ठेवली नाहीत, रंगवलेल्या डोंगरावरची हवासुद्धा त्यांना मानवली. कोपऱ्यातला मोगरा बघून मात्र त्यांनी नाक मुरडलं. "एवढं एक रोप तेवढं नकली वाटतं गं. काढून टाक." आंब्यामागे नेपथ्यवाल्याच्या काळजाला घरं पडली.

मग त्या तळ्यापाशी आल्या. वाकून बघितलं, केस नीट केले आणि म्हणाल्या, "पाणी किती नितळ ठेवलंयस गं!" आणि धाकटी काही म्हणायच्या आत त्यांनी एक खडा उचलून तळ्यात टाकला. टण्ण आवाज झाला. खडा तिथेच बसून राहिला.

"बुडाला नाही!"

झुडूप म्हणालं, "कमळांनी पाणी दाट होतं."

"कमळांनी पाणी दाट होतं, ताई. सगळीकडे होतं."

हेसुद्धा खपलं असतं. पण तेवढ्यात एक कावळा आला, तळ्याच्या काठावर उतरला आणि तळ्यावरून चालत चालत पलीकडे निघाला. मध्यावर थांबून त्याने खालच्या कावळ्याला चोच मारली, मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मारली. दोघी बहिणी बघत राहिल्या. धाकटीने आशेने झुडुपाकडे बघितलं. वीस वर्षांत प्रॉम्प्टरकडे वाक्य नाही, असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता.

काहीतरी करायलाच हवं म्हणून मेहुण्याने झुडुपातून कोकिळेचा आवाज काढला. या कामात तो फार तयार होता. एवढी लांब, गोड तान घेतली की कावळासुद्धा उडून गेला. थोरल्या बाईंना गाण्याचा मोठा शौक. त्यांना राहवलं नाही.

"वा! क्या बात है!" म्हणून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

कूलरमागे काकांचा डोळा लागला होता. टाळ्या ऐकू आल्या आणि ते खडबडून जागे झाले. टाळ्या म्हणजे अंक संपला. अंक संपला की पडदा. आयुष्यभर त्यांनी यात एकदाही कसूर केली नव्हती, आजही केली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दोरी ओढली. डोंगर सर्रकन बाजूला सरकला आणि त्यामागे टॉवेल गुंडाळून दात घासणारा शेजारी प्रकट झाला.

एवढ्यावर निभावलं असतं तरी बरं होतं. पण पडदा झाला की सेट हलवायचा, हे नेपथ्यवाल्याच्या आणि मेहुण्याच्या अंगात इतकं भिनलेलं होतं की दोघंही विचार न करता धावले. एकाने पेरू उचलला, दुसऱ्याने केळी. आंबा गेला, गालिचा गुंडाळला गेला, कमळं पोत्यात पडली. दोघांनी मिळून तळं उचललं आणि "बाजू व्हा, बाजू व्हा!" करत थोरल्या बाईंच्या समोरून टेम्पोकडे नेलं. राहिलेलं झुडूप उचलून मेहुणा निघाला, तेव्हा कुठे त्याला आपण काय केलं ते कळलं. तो झुडूप छातीशी धरून तिथेच उभा राहिला.

अंगणात आता नुसती माती होती, आणि त्या मातीत दोघी बहिणी. थोरल्या बाई मघाशी तळं होतं त्या जागेकडे बघत होत्या. शेजाऱ्याने ब्रशही थांबवला होता.

रंगमंचावरची शांतता लांबली की मेहुण्याला राहवायचं नाही. आणि अशा प्रवेशात पुढचं वाक्य कोणतं असतं, हे त्याला पाठ होतं. झुडुपाआडून तो हळूच म्हणाला, "ताई, मी खोटं बोलले."

"ताई, मी खोटं बोलले," धाकट्या बाई म्हणाल्या. मघापासून ऐकू येईल ते म्हणायची सवय लागली होती त्यांना. तोंडातून वाक्य निघालं आणि मग मात्र त्यांना खरंच रडू फुटलं.

"जन्मभर तुझंच कौतुक ऐकत आले," हे पुढचं वाक्य त्यांना कुणीही दिलं नव्हतं. "म्हटलं, एकदा तरी तुला वाटावं, धाकटीकडे काहीतरी आहे."

थोरल्या बाईंचाही चेहरा हलला. मेहुण्याने लगेच त्यांना वाक्य दिलं, "ये वेडे, जवळ ये." पण थोरल्या बाई कुणाचं ऐकून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"रडू नकोस, चहा टाक. आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे ये राहायला. खरी बाग कशी असते ते दाखवते तुला."

धाकट्या बाई मान खाली घालून आत गेल्या. नेपथ्यवाला पुढे आला. हात जोडून म्हणाला, "ताईबाई, चूक आमची. त्यांना बोलू नका. हवं तर आम्ही इथे फुकट खरी झाडं लावून देतो."

थोरल्या बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. मग त्या नेपथ्यवाल्याच्या अगदी जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते नंतर. तुम्ही बाहेरगावची कामं घेता का?"

"घेतो की! आपली बाग केवढी आहे?"

"हिच्या दुप्पट. आणि मागच्या आठवड्यात मी हिला धबधबाही सांगितलाय."

नेपथ्यवाल्याने मनातल्या मनात निळं कापड मोजायला घेतलं. "होईल. जागा तेवढी नीट सांगा. घराच्या पुढे आहे की मागे?"

थोरल्या बाईंनी पुन्हा एकदा खिडकीकडे बघितलं.

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते."