अकोल्याची डाळ

तेलाचा भाव वाढला की गावंडेभाऊ आमच्याकडे भेटायला येतात. भेटायला म्हणजे, घरातलं माणूस गेल्यावर लोक येतात ना, तसं. चप्पल दाराबाहेर, टोपी हातात, नजर जमिनीवर. खुर्चीच्या टोकावर टेकतात, पाण्याचा पेला घेतात, पण पीत नाहीत. मग हळूच सांगतात, "सोयाबीन तेल पुन्हा चढलं, मास्तर." आपण 'अरेरे' म्हणायचं असतं. "आपल्या हाती काय हाय," असं म्हणून ते उठतात आणि पुढच्या घरी जातात. तूरडाळ चढली त्या दिवशी तर त्यांनी दाढीही केली नव्हती.

विनायकराव गावंडे अमरावतीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. बडनेरा स्टेशनावर पार्सल ऑफिसात त्यांची सारी नोकरी झाली. आयुष्यभर लोकांची पोती तोलल्यामुळे जगात वजन आणि भाव नसलेली वस्तूच नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. नवं काहीही दिसलं की त्यांचा एकच प्रश्न, "कितीले पडलं?" मग ती साडी असो, तुळशीचं रोप असो, की दाताची कवळी. माझ्या मेहुणीच्या लग्नात मी त्यांची नवरदेवाशी ओळख करून दिली. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या सासऱ्यांना विचारलं, "पोरगा चांगला हाय. कितीले पडला?" सासरे इतके गांगरले की खरा आकडा सांगून बसले. सासूबाईंना तो आकडा तेव्हाच पहिल्यांदा कळला. त्यानंतर त्या घरात काय झालं ते मी लिहीत नाही, कारण मला अजून सासरी जावं लागतं.

काटकसरीत त्यांचा हात धरणारा माणूस मेळघाटापासून अकोल्यापर्यंत सापडायचा नाही. टमाटर सोन्याच्या भावाला गेलं होतं, त्या हंगामात गावंडेभाऊंनी एक टमाटर विकत घेतलं. ते रोज फ्रीजमधून काढायचे, उकळत्या वरणाला लांबून दाखवायचे आणि परत ठेवायचे. वरणाला लाली यायची असं ते शपथेवर सांगतात. मीही चाखलं आहे. थोडी यायची. चहाची पत्ती ते सकाळी उकळतात, दुपारी उकळतात, संध्याकाळी वाळत घालतात. त्यांच्याकडचा चहा आणि कोमट पाणी यातला फरक डोळे मिटून सांगून दाखवणाऱ्याला मी माझं घर लिहून द्यायला तयार आहे.

बरं, काटकसर स्वतःपुरती ठेवतील तर ते गावंडेभाऊ कसले. आमच्या कुकरच्या शिट्ट्या ते भिंतीपलीकडून मोजतात. एखादी जास्त झाली की आवाज येतो, "वहिनी, शिजली ना वं डाळ, आता गिलावा करता का तिचा? गॅस फुकट भेटते काय?" माझी बायको आता पाहुण्यांसमोरसुद्धा कुकर दबकत लावते.

पण त्यांची खरी कीर्ती अकोल्याच्या डाळीची. दोन-तीन महिन्यांतून एकदा ते बडनेऱ्याहून गाडी पकडतात, अकोल्याला एका डाळ मिलवर जातात आणि गल्लीसाठी तूरडाळीची पोती घेऊन येतात. मिलवाला जुन्या ओळखीचा, म्हणून भाव खास. मग रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर वाटप. छताच्या कडीला पूर्वी शिसवाची बंगई, म्हणजे झोपाळा, असायची. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्या बंगईवर बसून दुपारभर गल्लीतल्या बायांशी बोलायच्या. काकू गेल्या, भाऊंनी बंगई उतरवली आणि त्याच कडीला मोठा तराजू टांगला. जो येईल त्याच्या रिकाम्या डब्याचा आधी धडा करायचा, म्हणजे दुसऱ्या पारड्यात खडे टाकून डब्याचं वजन फेडायचं, आणि मग डाळ. खडा एखादा कमी पडला तर गावंडेभाऊ हातातली बांगडी मागतात, पण वजन बरोबर करतात.

हे वाटप म्हणजे आमच्या गल्लीचं संमेलनच. डबे रांगेत लागतात आणि माणसं ओट्यावर पसरतात. तिथे सुनांच्या तक्रारी निघतात, गुडघ्यांची औषधं निघतात. एका वाटपात दोन लग्नं जमली आणि एक मोडलं. आणि या सगळ्या गोंधळात गावंडेभाऊ काटा धरून उभे. "बाजारात काय भाव चालू हाय ते पाहून या. मंग बोला माह्याशी." खरंच, त्यांचा भाव बाजारापेक्षा कमी असायचा. आम्ही डोक्यावर घेऊन फिरायचो त्यांना.

मग गल्लीत मोबाइलवरून किराणा यायला लागला. बोट लावलं की गाडी दारात. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या वानखडेंच्या सुनेनं डाळ मागवली. गावंडेभाऊंनी ती गाडी पाहिली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. पुढच्या वाटपाला आणखी चार घरं आली नाहीत. भाऊ तराजूजवळ उभे राहून रस्त्याच्या टोकाकडे पाहत होते. मला म्हणाले, "फोनवर डाळीचा वास येते का, मास्तर? दाताखाली दाणा धरता येते का? तुमी शिकलेले लोक, म्हून फसता."

त्याच्या पुढच्या खेपेला मात्र त्यांनी कमाल केली. असा भाव पुकारला की वानखडेंची सून मोबाइल खाली ठेवून डबा घेऊन धावत आली. फुटलेली सारी घरं परतली. "हे कसं जमवलं भाऊ?" मी विचारलं. त्यांनी मिशीत हसून तराजूची साखळी सरळ केली. "ओळख लागते बापा, ओळख."

यंदा त्यांची कंबर धरली. पोती चढवायला-उतरवायला कोणीतरी हवं, म्हणून माझ्या बायकोनं मला त्यांच्या हवाली केलं. आजवर ते कुणालाच सोबत नेत नसत. गाडीत बसल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला. मूर्तिजापूरला मी भजी घेतली, तर "कितीले पडली?" हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, कंबर फार दुखत असेल.

मिलच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. मला तिथे बसवून म्हणाले, "तुमी इथंच थांबा. मास्तर दिसला की भाव बिघडते." मी बसलो. चहा प्यायलो, आणखी एक प्यायलो. दोन चहांनंतर माणसाला जिथे जावं लागतं तिथे जायला मी मिलच्या आवारात शिरलो. मुनिमाच्या खोलीची मागची खिडकी उघडी होती आणि आतून मुनिमाचा आवाज येत होता.

"गावंडेभाऊ, मले एक सांगा. याच भावात तुमाले अमरावतीत बी डाळ भेटते. वरून तुमाले गाडीभाडं, हमाली, ऑटो. मंग इतक्या दूर काहून येता?"

"अमरावतीतून घेतली तं लोकाइले काय सांगू? अकोल्याचं नाव लागते."

"अन् तिकडे त्याच्याहून कमी भावात विकता म्हणे. घाट्यात धंदा करून राहिले तुमी."

"विकत नाही गा. वाटतो." मग थोडा वेळ पोत्यावर हात फिरवल्याचा आवाज आला. "शांता होती तं बाया बंगईवर येऊन बसत. ते गेली अन् वर्षभर ओट्यावर कोणी पाय नाही ठेवला. झाडू मारायचं बी काम नव्हतं. आता तराजू हाय, तं येतात."

मी ज्या कामासाठी आत गेलो होतो ते तसंच ठेवून टपरीवर परतलो.

येताना दोन पोत्यांमध्ये आम्ही दोघं बसलो. गाडी काळ्या शेतांमधून निघाली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो होतो, माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा, ते विश्वास ठेवणार नाहीत. त्यांचाच प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. 'भाऊ, हे सारं तुमाले कितीले पडलं?' बडनेरा आलं तरी तो बाहेर पडला नाही.

रविवारी बायकोनं घरातला सगळ्यात मोठा डबा माझ्या हातात दिला. "दुप्पट आणा," म्हणाली, "एवढी स्वस्त पुन्हा मिळायची नाही." आता आली का पंचाईत. जितकी डाळ घ्यावी तितकी भाऊंच्या पेन्शनीला कात्री. आणि नाही जावं, तर ओटा पुन्हा रिकामा. मी स्वयंपाकघरात गेलो, लवंगांचा डबा वाटीत रिकामा केला आणि तो घेऊन रांगेत उभा राहिलो.

माझी पाळी आली. गावंडेभाऊंनी तो डबा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"हे काय हाय, मास्तर? याच्यात डाळ नेता, का नाकात ओढाची नस?"

"पुरते मला."

"एवढे कंजूस कधीपासून झाले बापा तुमी?" भाऊ म्हणाले, आणि सारी गल्ली हसली. वानखडेंची सून सगळ्यांत जास्त हसली. भाऊंनीच मला कंजूस म्हणावं, यापेक्षा मोठी बेइज्जती आमच्या गल्लीत आजवर कुणाची झालेली नाही. पण त्यांनी त्या डब्याचाही रीतसर धडा केला, दाण्यानं दाणा जुळवला आणि झाकण लावून माझ्या हाती दिला. देताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मी डबा मांडीवर घेऊन ओट्यावरच बसलो. एकेक करून माणसं उठली. डबे गेले, गप्पा गेल्या. वाऱ्यानं तराजूची रिकामी पारडी हळूहळू झुलत होती.

"वहिनी वाट पाहत असतील," भाऊ म्हणाले.

"पाहू द्या."

"घरी काही काम नाही का?"

"नाही."

त्यांनी झुलणारी पारडी हातानं थांबवली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "चहा ठेवतो मंग."

आतून डबे हलल्याचा आवाज आला. नंतर कात्रीनं एक पाकीट कापल्याचा. बऱ्याच वेळानं दोन कप बाहेर आले. चहा लालभडक होता. नव्या पत्तीचा.