चिंचोक्याच्या रंगाचा डोळा

टेबलावर चौदा डोळे होते. अकरा तपकिरी, दोन काळसर आणि एक निळा. प्रत्येक डोळा आपापल्या छोट्या बाटलीत पाण्यात बसून झाकणाकडे बघत होता. हा निळा कोणासाठी, असं मी विचारलं. सुपेल्यातल्या त्या दवाखान्यात लेन्स बसवून देणाऱ्या देवांगन मॅडम म्हणाल्या, "गलती से आ गया था. छह साल से दुर्ग जिले में अपना आदमी ढूँढ रहा है."

तपकिरी अकरांपैकी एक निवडायचा होता, आणि तो मी निवडणार होते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे, त्यातही प्रकाश हा माझा विषय. तपकिरी रंगाला स्वतःची तरंगलांबी नसते, तपकिरी म्हणजे अंधारात सापडलेला नारिंगी, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी खुशाल गोंधळावं! मी मॅडमना सांगून टाकलं, की लग्नाच्या दिवशी मोठेबाबांचा खरा डोळा कोणता आणि रंगवलेला कोणता, हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. ब्रह्मदेव लग्नाला आलाच नाही, त्यामुळे ते तपासायचं राहिलं. बाकी सगळे आले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ, शामराव. लहानपणी गावाकडे विटी लागून त्यांचा डावा डोळा गेला आणि त्यावर पांढरं फूल पडलं. तेव्हापासून काळा चष्मा. तो चष्मा घालूनच त्यांनी इथल्या पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्कची नोकरी केली, तो घालूनच बोहल्यावर चढले, आणि तो घालूनच रात्री बाराला वरातीहून परतताना गटारात पडले. प्लांटच्या ओळखपत्रावर चष्मा चालत नसे. तिथल्या फोटोत डोळा दिसायचा, म्हणून गेटवर कार्ड दाखवताना त्यांचा अंगठा बरोबर त्या डोळ्यावर असे. गेटवरचे जवान बदलले, अंगठा हलला नाही.

त्यांच्या मुलीचं, मोनाचं, लग्न ठरलं, तसे एका दुपारी ते कोहक्याहून आमच्या घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "गीतू, मोनीच्या लग्नात एक फोटो पाहिजे मले. बिना चष्म्याचा. पोरगी नागपूरपलीकडे चालली. तिच्या घरी भिंतीवर बाप लागंल, तं काळी काच नको लागाले."

मी डॉक्टरांना रंगीत लेन्सचं विचारलं. त्यांनी डोळा तपासून परवानगी दिली: दिवसभर चालेल, रात्री काढायची. लेन्स कशी असते तेही कळलं. वरून बुबुळ रंगवलेलं, मधली बाहुलीसुद्धा काळ्या रंगाची, आरपार काहीच दिसत नाही. ज्या डोळ्याला मुळातच दिसत नाही त्याला काय फरक पडतो? हे वाक्य लक्षात ठेवा.

आता रंग. मी त्यांच्या उजव्या डोळ्याचे फोटो काढले, उन्हात, ट्यूबलाइटमध्ये आणि बल्बखाली. तीन फोटोंत तीन वेगवेगळी माणसं दिसली. घरच्यांना विचारलं, तर मोठ्याई, म्हणजे त्यांच्या पत्नी राधाबाई, ठामपणे म्हणाल्या की डोळा काळा आहे. बाबा म्हणाले चहाचा, दूध टाकायच्या आधीचा. मोना म्हणाली गुळाचा. कोणता गूळ, यावरून तिचं आणि मोठ्याईचं वाजलं. शेवटी मी अष्टा-चंगा खेळायच्या डब्यातले चिंचोके बाहेर काढले आणि मोठेबाबांना अंगणात बसवून एकेक चिंचोका त्यांच्या डोळ्याशेजारी धरत गेले. समोरून जाणाऱ्या शेजारणीला वाटलं दृष्ट काढणं चाललंय, आणि तिनं जाता जाता दोन मिरच्या आणून दिल्या. सातवा चिंचोका जुळला! तोच चिंचोका रुमालात बांधून मी सुपेल्याला नेला होता. बाटली क्रमांक नऊ. मॅडमनी चिंचोका आणि बाटली खिडकीशी धरली, दोनदा पाहिलं आणि चिंचोका ठेवून घेतला. पुढच्या पेशंटसाठी.

लग्न बोरसीच्या मंगल कार्यालयात. सकाळी खोलीत मोठेबाबा, मी, मोठ्याई, आणि दार ढकलून आत डोकावणारा अर्धा विदर्भ. मॅडमनी एकदा लेन्स घालून दाखवली होती, तेव्हा मी नेटकी आकृती काढून ठेवली होती: समोरून दिसणारा चेहरा, दोन डोळे, एकाकडे बाण. लेन्स बोटावर घेतली, आकृती पाहिली, आणि बाणाप्रमाणे घातली.

मोठेबाबांनी मान इकडेतिकडे फिरवली. मग म्हणाले, "लाईट गेली काय?"

मोठ्याईनं ते ऐकलं आणि त्या दारातूनच ओरडल्या, "प्रेमानंद भैया, लाईट गेली!" प्रेमानंद हा आमचा मांडव-लायटिंगवाला. लाईट छान चालू होती, पण वधूची आई सांगते म्हटल्यावर त्यानं जनरेटर सुरू केला. खोलीतला पंखा फिरत होता तो थांबला आणि पुन्हा फिरू लागला. मोठेबाबांना त्यातलं काहीच दिसलं नाही.

झालं असं होतं: चष्मा काढला की मोठेबाबा डावा डोळा घट्ट मिटतात, जन्माची सवय. समोर उघडा डोळा एकच होता. माझ्या आकृतीत बाण डावीकडे होता, म्हणजे माझ्या डावीकडे, म्हणजे त्यांच्या उजवीकडे. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि मी त्यांचा चालता डोळा काळ्या बाहुलीनं झाकून टाकला. प्रकाश माझा विषय आहे, दिशा नाही.

"मोठेबाबा, घाबरू नका, मी काढते."

"मी कुठं घाबरून राहिलो. आता इन्व्हर्टर येईलच न."

लेन्स काढली, द्रावणात धुतली, योग्य डोळ्यात घातली. त्यांनी दोन्ही डोळे उघडले. दोन चिंचोके, एकाच चिंचेचे! मोठ्याई जवळ आल्या, वाकून पाहिलं आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर डोक्यावरून पदर घेतला.

"असे दिसत होते काय तुम्ही?"

"कवा?"

"विटी लागायच्या आधी."

"तवा मी नऊ वर्षांचा होतो, राधे."

चष्मा मोठ्याईनं पर्समध्ये टाकला. मोठेबाबा मान ताठ करून बाहेर निघाले, आणि मांडवाच्या दाराशी चौकीदारानं त्यांना अडवलं. लडकीवाले की लडकेवाले? मी सांगितलं, लडकी के बाप. चौकीदारानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनानं आत सोडलं.

आत तर कमाल! त्यांच्या सख्ख्या आत्याचा मुलगा त्यांच्याच शेजारी बसून म्हणाला, "शामराव कुठं दिसून नाही राहिला." मोठेबाबा म्हणाले, असंल इकडंच. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. पण थोड्या वेळानं ते जिलेबीच्या कढईपाशी सापडले. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि घरात जिलेबीच्या दिशेनं नुसती मान वळली तरी चार माणसं ओरडतात. इथे कोणीच ओरडलं नाही, कारण तिथे शामराव नव्हतेच.

"गीतू," ते बोट चाटत म्हणाले, "असं पहिलेच कावून नाही केलं आपण?"

एवढ्यात वरात आली.

आमच्याकडे वरात दाराशी आली की आधी भेटी होतात. व्याह्यानं व्याह्याला टिळा लावायचा, टोपी-शेला द्यायचा आणि कडकडून मिठी मारायची. ती झाल्याशिवाय वरात आत येत नाही. मुलाचे वडील गुलाबराव, पुलगावचे, धिप्पाड गृहस्थ. त्यांनी मोठेबाबांना एकदाच पाहिलं होतं, साखरपुड्याला, काळ्या चष्म्यात.

आणि दाराशी कमानीचे दिवे तपासत प्रेमानंद उभा होता. त्याचे डोळे आले होते. म्हणून त्यानं काळा चष्मा घातला होता.

भटजी म्हणाले, व्याही पुढे या. मोठेबाबा हार घेऊन पुढे झाले. गुलाबरावांनी त्यांना हळूच बाजूला केलं, दोन पावलं टाकली आणि प्रेमानंदला छातीशी धरून जमिनीवरून उचललं. बँड वाजला. टिळा, टोपी, शेला, नारळ. प्रेमानंदनं हवेतच नमस्कार केला. गुलाबरावांनी घाम पुसला तोही त्याच शेल्याला. प्रेमानंद मला नंतर म्हणाला, की तो पंचवीस वर्षं लग्नांत दिवे लावतोय, पण लायटिंगवाल्याचा असा मान ठेवणारा समाज त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

"मी मोनीचा बाप," मोठेबाबा म्हणाले.

गुलाबराव समजूतदार माणूस. "हो भाऊ," ते म्हणाले, "तुमचीही भेट करू. पहिले व्याह्याची होऊ द्या."

मग नवरदेवाचे मामा पुढे आले. त्यांनी मोबाईलमधला साखरपुड्याचा फोटो काढला, तो मोठेबाबांच्या चेहऱ्याशेजारी धरला, मी चिंचोका धरला होता तसाच, आणि मान हलवली. हा माणूस तो नाही. वरातीत कुजबुज सुरू झाली. बँड मधेच बंद पडला. नवरदेव घोड्यावर तसाच, आणि घोडाही उदास दिसू लागला.

आता विज्ञानच उपयोगी पडणार, म्हणून मी पुढे झाले आणि सगळं नीट समजावलं: फूल, लेन्स, रंगवलेली बाहुली.

"म्हणजे डोळा नकली आहे?" मामा म्हणाले.

"डोळा खरा आहे. वरचा रंग नकली आहे."

मामा वळून वरातीला म्हणाले, "बापाचाच रंग असा बदलून राहिले हे, तं पोरीचा पाहून घ्या बाप्पा!"

माझ्या स्पष्टीकरणानं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं. मोठेबाबांच्या हातात हार तसाच होता. ते मामांकडे बघत नव्हते. वरच्या खिडकीत मोना उभी होती, तिच्याकडे बघत होते. इतक्या माणसांत, भर उन्हात, उघड्या चेहऱ्यानं.

मोठ्याई गर्दीतून आल्या. पर्स उघडली, चष्मा काढला आणि नवऱ्याच्या नाकावर चढवला.

"अरे, शामराव!" गुलाबराव म्हणाले. "कुठं होते तुम्ही? कवापासून वाट पाहून राहिलो." आणि मोठेबाबा जमिनीवरून वर गेले. बँड वाजला. मामांनीही फोटो ताडून पाहिला आणि मान डोलावली. शेला मात्र प्रेमानंदकडून परत मागायचा धीर कोणाला झाला नाही.

त्यानंतर चष्मा उतरला नाही. दोनदा मोठेबाबांनी स्टेजवर तो काढून पाहिला. दोन्ही वेळा फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, आप थोडा साइड में. लडकी के पापा को आने दो." तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. बाटली क्रमांक नऊचा तो बिनतोड डोळा, माझ्या आयुष्यातलं सर्वांत अचूक काम, दिवसभर काळ्या काचेमागे बसून राहिला. मी त्यांच्या समोर जायचं टाळत होते. जेवणाच्या पंगतीत त्यांनीच मला हाक मारली, स्वतःच्या पानातली जिलेबी माझ्या पानात टाकली आणि म्हणाले, "आता मले खाऊ नाही देत. ओळखून राहिले सगळे."

संध्याकाळी पाठवणी. मोना सगळ्यांच्या पाया पडत पडत शेवटी बापाजवळ आली. पाया पडली नाही. सरळ हात वर केला आणि त्यांचा चष्मा काढून घेतला. वरातवाले तिथेच होते, मामाही होते. मामांनी मोबाईल खिशातच ठेवला. मोठेबाबांचा डावा डोळा सवयीनं मिटू लागला आणि मिटता मिटता थांबला. मोना कितीतरी वेळ बघत राहिली, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या.

"तुम्ही दोन्ही डोळ्यांनी पाहून राहिले, बाबा."

"पाहतो न," ते म्हणाले. मी मागे वळून फोटोग्राफरला दंडाला धरून ओढलं. फ्लॅश उडाला.

दोन दिवसांनी पुलगावला रिसेप्शन झालं. गुलाबराव सगळ्या पाहुण्यांना काळ्या चष्म्यात भेटले. डोळे आले होते.

अल्बम महिन्यानं आला. फोटो तीनशे अठ्ठेचाळीस. भेटीचा फोटो पानभर मोठा केला आहे आणि त्यात प्रेमानंद आहे. मोठेबाबा एकशे बारा फोटोंत आहेत. चष्म्याशिवाय, एकात. त्या फोटोत त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले आहेत.