गेनू हेल्याचा दगड

एका जंगलात, बाळांनो, सगळं पिकायचं, फक्त मीठ पिकत नव्हतं. ते समुद्रावरून ट्रकनं आणावं लागे. मध्ये दोन घाट होते. ट्रक कोल्हेशेटचा आणि चालवायचा गेनू हेला, म्हणजे रेडा.

कोल्हेशेटना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून नियम त्यांनी केले होते. ड्रायव्हरची नजर चांगली हवी, त्याला घाटाची सवय हवी, तो पिणारा नसावा. इथवर गेनू पास होता. पुढचे नियम असे: माल वेळेत पोचवावा, गाडी हळू हाकावी आणि झोप पुरती घ्यावी.

"मालक, ही तिन्ही एकाच खेपेत कशी बसवू?" गेनूनं विचारलं होतं.

"ते तू बघ. जबाबदारी म्हणतात ती हीच," कोल्हेशेट म्हणाले.

गेनूची एक सवय होती. चढावर थांबला की चाकामागे दगड लावायचा, आणि निघताना खाली उतरून तो कडेला ढकलायचा. बाकीचे ड्रायव्हर दगड तिथंच टाकून जात. गेनूला ते आवडत नसे.

त्या दिवशी गोरज मुहूर्तावर गेनूच्या लेकीचं, चंपीचं लग्न होतं. हेल्यांकडे दुसरा मुहूर्त चालत नाही.

"मीठ पोचव आणि मग खुशाल अक्षता टाक," कोल्हेशेटनी सांगितलं होतं.

गेनू पहाटेच मीठ आणायला निघाला. पहिल्या घाटात त्याचे डोळे मिटायला लागले. तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"कुठं आहेस?"

"घाटात. जरा झोप येतेय, मालक."

"मग झोप की. नियमच आहे. फक्त गाडी थांबवू नकोस."

तरी गेनूनं गाडी थांबवली, दगड लावला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा फोन वाजला. तो दचकून उठला, चंपी आठवली, आणि त्यानं तशीच गाडी काढली. दगड रस्त्यातच राहिला.

थोड्या वेळानं तिसरा फोन आला.

"गेन्या, मागं ये. तू कुठवर पोचलास ते बघायला मी निघालो होतो. कुण्या गाढवानं रस्त्यात दगड टाकलाय. माझी नवी मोटार खालून फाटली."

तिथून पायी चाललेल्या एका गाढवाला हे ऐकून फार वाईट वाटलं.

गेनूनं ट्रक वळवला. मालकांना बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मालक, दगड माझाच."

पण कोल्हेशेट ऐकायला जागेवर नव्हते. ते केबिनमध्ये चढून बसले होते आणि दांडा घट्ट धरून होते.

"हळू," ते म्हणाले. गाडी अजून सुरू व्हायची होती.

वळण आलं की हळू. उतार आला की हळू. सपाटी आली तेव्हा म्हणाले, "थांब. तुझे डोळे लाल झालेत. झोप."

"मालक, गोरज टळेल."

"नियम म्हणजे नियम. जीव राहिला तर मुहूर्त पुष्कळ."

मालकांनी स्वतः चाकामागे दगड लावला. स्वतः बाहेर बसून पाखरांना गप्प केलं. गेनू आत पडून राहिला. सूर्य कलला, गुरं घराकडे वळली, धूळ उडाली. त्याला काही झोप लागली नाही.

खेप संपवून तो घरी पोचला तेव्हा मांडवाचे बांबू उतरवत होते. चंपी सासरी गेली होती. गेनूची म्हैस म्हणाली, "पोरगी जाताना रस्त्याकडंच बघत व्हती. तुमच्या वाटणीची पेंड झाकून ठेवाया सांगून गेली."

गेनूनं झाकण उचललं आणि परत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सिंहमहाराजांनी सत्कार केला. ड्रायव्हरला झोपू देणारा मालक म्हणून कोल्हेशेटना शाल मिळाली. शाल सावरत ते गेनूजवळ आले आणि म्हणाले, "उद्याची खेप उजाडताना पोचली पाहिजे. आणि हे बघ, मी बरोबर नसणार."

तात्पर्य: बाळांनो, रस्त्यात दगड सोडू नये. मागून मालक येत असेल तर मुळीच सोडू नये. तो आपल्या गाडीत येऊन बसतो, आणि मग सगळे नियम पाळावे लागतात.